पाचवी रेघ

देवस्थळींनी निवृत्तीनंतर परसातल्या शेडमध्ये स्वतः बांधलेलं विमान धरणावरून उडत होतं. शेजारी त्यांची मुलगी इरावती बसली होती. समोरच्या पडद्यावर इंजिनाच्या चार सिलिंडरच्या चार हिरव्या रेघा स्थिर होत्या. पाचवी रेघ देवस्थळींच्या हृदयाची होती, कारण नव्या नियमानुसार चालकही इंजिनाचाच भाग. तिचा भोंगा फार कटकट करतो म्हणून त्यांनी तो काढून टाकला होता. आता ती रेघ पिवळी झाली होती.

"मघापासून चढतेय," ते म्हणाले. त्यांनी पट्टा सैल केला, पुन्हा आवळला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. रेघ आणखी चढली.

इरावतीने त्या रेघेवर तळहात ठेवला.

"झाकून काय होणार? यंत्राला कळतंच."

"यंत्राला कळू दे. तुम्ही बघू नका."

ते थोडे कुरकुरले. पण धरण मागे पडलं तसे त्यांचे खांदे सैलावले आणि ते चक्क शीळ घालू लागले.

इरावतीने हळूच एक बोट उचललं. खालून लाल उजेड आला. तिने बोट परत टेकवलं.

"बाबा, मागे फिरू या का?" ती म्हणाली. "मला मळमळतंय."