आसावरीची रांग

यतीन तिच्या झाडांपाशी उभा होता आणि त्याच्या हातात तिच्या कुंडीवरची चिठ्ठी होती.

"लेबल खाली पडलं होतं," तो म्हणाला. "लावून ठेवत होतो."

"थँक्स," म्हणत आसावरीने चिठ्ठी त्याच्याकडून घेतली. तो गेल्यावर तिने आपल्या चाळीसही कुंड्या एकेक करून तपासल्या.

टेक्सासमधल्या लबकच्या त्या ग्रीनहाउसमध्ये कपाशीच्या तीन रांगा होत्या. एक आसावरीची, एक यतीनची आणि एक साध्या, कसलाही बदल न केलेल्या कपाशीची. बोंडअळीला मारणारं जनुक दोघांनी आपापल्या झाडांत घातलं होतं, प्रत्येकाने वेगळं. त्यात चार वर्षं गेली होती. आता झाडं पात्या-फुलांवर आली होती. त्यांच्यावर अळ्या सोडायच्या आणि दहा दिवसांनी किती जगल्या ते मोजायचं, एवढंच उरलं होतं. २००५च्या मे महिन्यात एकच वाण शेतात जाईल, असं लॅबचे प्रमुख डॉ. व्हिटेकर यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. दुसऱ्याची नोकरी संपणार होती आणि नोकरीबरोबर व्हिसाही.

त्या संध्याकाळी जेवताना आसावरी आईला म्हणाली, "घरात दिवसभर कंटाळतेस ना? उद्यापासून माझ्याबरोबर चल. ग्रीनहाउसमध्ये बस. फक्त माझ्या झाडांना कुणाला हात लावू देऊ नकोस."

"त्या नागपूरच्या मुलाला?"

"कुणालाच."

आसावरीची आई नंदाताई यवतमाळहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. लहानपण दारव्ह्याकडे कापूस वेचण्यात गेलेलं. अमेरिकेत आल्यापासून त्या पहिल्यांदाच मोकळ्या झाल्या, त्या दमट उबेत, कपाशीच्या वासात. सकाळी आसावरी मीटिंगला जाई, मग लॅबमध्ये अडके, ती थेट दुपारी परते. तोवर आई खुर्चीत बसलेली असायची, पदराला हात पुसत.

"कोणी आलं होतं?"

"यतीन आला होता. चहा देऊन गेला. चांगला मुलगा आहे गं."

"चांगला आहे, पण लक्ष ठेव."

अळ्या सोडल्यापासून दहाव्या दिवशी आसावरी आणि यतीनने मिळून मोजणी केली. साध्या कपाशीची पार चाळण झाली होती, बोंडाबोंडाला भोक होतं. यतीनच्या झाडांवर तिसरा हिस्सा अळ्या जिवंत होत्या. आसावरीच्या चाळीस झाडांवर मिळून दोन.

व्हिटेकरांनी प्रयोग पुन्हा करायला लावला. मग तिसऱ्यांदा. दोन्ही वेळा आईची खुर्ची तिथेच होती. आकडे जवळपास तेच आले. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी आसावरीचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

यतीन त्या दिवशी तिच्या टेबलाशी आला. तिचे सगळे कागद त्याने उभ्यानेच वाचले.

"यार, एक कळत नाही," तो म्हणाला. "तुझ्या पानांत अळीला मारणारं ते प्रोटीन इतकं कमी दिसतंय. मग अळी मरते कशाने?"

"मोजायला तू होतास ना बरोबर?"

"होतो."

"मग?"

त्याने कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. "मग काही नाही. काँग्रॅट्स."

त्याची बायको चैत्राली सातव्या महिन्यात होती. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं, पण नोकरी गेली की इन्शुरन्सही जाणार होता. यतीनने महिनाभर दहा ठिकाणी अर्ज केले, व्हिटेकरांकडे आणखी दोन महिने मागितले. ते मिळाले नाहीत. मार्चच्या अखेरीस दोघं विमानात बसली. नागपूरला पोचल्यावर चारच दिवसांत चैत्रालीला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. दोन दिवस जगली.

यतीनची ईमेल सगळ्या लॅबला आली होती, चार ओळींची. आसावरीने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी दोन वाक्यं पाठवली. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्या रिकाम्या टेबलाकडे न बघता जायची. आपण काही चोरलं नाही, असं ती स्वतःला सांगायची. झाडांनी उत्तर दिलं होतं, तिने नाही. आईला मात्र तिने त्या बाळाचं काही सांगितलं नाही. एप्रिलमध्ये आई यवतमाळला परतली.

मे महिन्यात आसावरीचं बी साठ एकरांत पेरलं गेलं. यतीनची रांग ग्रीनहाउसमधून उपटून टाकली. त्याच्या बियाण्याच्या पिशव्यांचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा व्हिटेकर म्हणाले, "जागा अडते आहे." त्या जाळल्या गेल्या.

जूनमधल्या एका रविवारी आसावरीने आईला फोन लावला.

"उगवण छान झालीय, आई. माझी नोकरी पक्की झाली. व्हिटेकर ग्रीन कार्डचेही कागद करतायत."

"देव पावला. आणि त्या यतीनला लागली का गं नोकरी?"

"लागेल." आसावरीने विषय बदलला. "आई, हे तुझ्यामुळे झालं. तू तिथे बसलीस म्हणून माझ्या रांगेला कुणी हात लावला नाही."

आई हसली. "मी का नुसती बसले होते? केवढी कीड पडली होती तिथे! तुला कामाच्या गडबडीत दिसायची नाही. रोज तू मीटिंगला गेलीस की तुझं एकेक झाड बघून सगळ्या अळ्या वेचून काढायचे. नजर अधू झालीय, एखाददुसरी राहिली असेल."

आसावरीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकतेस ना?" आई म्हणाली. "एक मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही बघ. त्या पोराच्या झाडांना मी कधी हात लावला नाही, तरी तिथल्या अळ्या आपोआप मरून पडायच्या. मग तुझ्या झाडांवर का गं त्या एवढ्या माजायच्या?"