रस्त्याचं वळण

"साहेब, अख्खा रस्ता पट्टीनं आखल्यासारखा सरळ, मग आमच्याच घरापाशी का वाकतो?"

मैत्रिणींनी डिवचलं म्हणून तिनं गावाच्या विकास आराखड्याच्या भर सभेत उठून विचारलं. सभागृह खदखदून हसलं. तिनं मागं वळून मैत्रिणींना डोळा मारला. नकाशापुढचे अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी समितीच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या बाबांकडं पाहिलं. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

तेव्हा कुठं तिनं नकाशा नीट बघितला. त्यांच्या घराला वळसा घालून रस्ता तिच्या जिवलग मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातून जात होता. ती मैत्रीण अजून हसतच होती.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं गं. तुझी खोली गेली असती."

"आणि तिची?"

आई म्हणाली, "झालं ते झालं. तू आता गप्प बस."

"हरकत घ्यायला उद्याचा दिवस आहे ना? मी तिच्या आईबाबांबरोबर जाणार आहे. रस्ता सरळच जाऊ दे म्हणून सांगणार. माझी खोली मी आजच रिकामी करायला घेते."