वाकडं अंगण

"चला, लागा कामाला," असं म्हणून ओपोकू आपल्या फिल्मच्या दुकानात दोन कॉम्प्युटरच्या मधोमध खुर्ची टाकून बसला.

डावीकडे जुना प्रोसेसर, त्याच्यापुढे सेरवा. उजवीकडे नवा, त्याच्यापुढे ओपोकूचा भाचा अँटवी. बाकी सगळं सारखं. कामही सारखंच, मागे झालेल्या एका म्हातारीच्या अंत्यविधीची फिल्म. ढोलवाले, लाल-काळ्या कापडात नाचणारे पाहुणे, छाती पिटणाऱ्या लेकी, हे सगळं कापून, जोडून, रंग-आवाज जुळवून द्यायचं. नवा प्रोसेसर विक्रेत्याने एक दिवस वापरून बघायला दिला होता. संध्याकाळी तो विकत तरी घ्यायचा, नाहीतर परत करायचा.

या दिवसासाठी सेरवाने वर्षभर ओपोकूचं डोकं खाल्लं होतं. कुमासी शहरात माणसाला शनिवारी पुरतात आणि रविवारी, आभाराच्या प्रार्थनेनंतर, घरच्यांना फिल्म हातात हवी असते. जुनं यंत्र शनिवारची रात्र खायचं आणि वर रविवारची सकाळही. तिची धाकटी लेक अफ्रिये रविवारी चर्चमध्ये गायची. लोक दुकानात येऊन सांगायचे, काय गळा आहे गं पोरीचा! आईने तो चर्चमध्ये एकदाही ऐकला नव्हता. याची तिला लाज वाटायची.

"नवा घ्या हो बॉस. मी पहाटेच मोकळी होईन."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" ओपोकू हसून म्हणायचा.

हे मात्र साफ खोटं होतं. नाचता तिला उत्तम यायचं. त्या रडक्या यंत्राकडून काम कसं काढून घ्यायचं हे तिलाच ठाऊक होतं. आधी चित्रांच्या हलक्या प्रती करायच्या, सगळी कापाकापी त्यांच्यावर उरकायची आणि शेवटी एकदाच मूळ चित्रं जोडायची. असं केलं की एका फिल्मपुरता जुनाही जीव खाऊन पळायचा; शनिवारच्या ढिगापुढे मात्र त्याचाही दम संपायचा.

आणि इथेच तर घोडं पेंड खात होतं. जुना असा पळाला तर ओपोकू नवा कशाला घेईल?

म्हणून आज तिने हलक्या प्रती केल्याच नाहीत. जड चित्रं तशीच ओढत बसली. पडदा थिजायचा, ती कपाळाला हात लावायची, ओपोकूला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकायची. आयुष्यात पहिल्यांदाच ती कामात हातचं राखत होती. कसंसंच वाटत होतं. पण अफ्रियेचा पांढरा झगा डोळ्यांपुढे आणून ती नेटाने रेंगाळत राहिली.

शेजारी अँटवी अडला. दोन वर्षं दुकानात काढली, तरी गडी होता तिथेच होता. त्याच्या पडद्यावर ढोलावर काठी आधी पडत होती आणि आवाज मागाहून येत होता. सेरवाने ते पाहिलं. हा हरला तर नवा प्रोसेसर हरला. ओपोकू फोन घेऊन दाराशी गेला, तशी ती झुकून कुजबुजली, "अरे, ती वरची कळ दाब. हं. आता दोन्ही एकदम ओढ."

"वाचवलंस गं ताई!"

अँटवीची फिल्म पूर्ण झाली तेव्हा सेरवाची म्हातारी अजून खड्ड्यातसुद्धा उतरली नव्हती.

"घेतला!" ओपोकूने मांडीवर थाप मारली.

सेरवाचे डोळे भरून आले. चर्चमध्ये पहिल्याच बाकावर बसायचं, तिने ठरवूनही टाकलं.

"माझंच चुकलं, सेरवा," ओपोकू म्हणाला. "तू म्हणत होतीस तेच खरं. अंगणच वाकडं होतं. आता अंगण सरळ झालं, तर आमचा हा ठोंब्यासुद्धा नाचतो. तुझ्यापुढे नाचतो! मग दोन-दोन माणसं कशाला पोसायची? शनिवारपासून अँटवीच बघेल सगळं."

अशांती जमातीत माणसाचं दुकान मुलाकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जातं. या भाच्याचं पुढे कसं व्हायचं, हा ओपोकूच्या जिवाला जुना घोर होता. सेरवा इथलीच, तिला हे कोणी सांगायला नको होतं. पण वर्षभर तिने फक्त प्रोसेसरचा विचार केला होता.

"बॉस, पण त्याला तर..." काय सांगणार? मी शिकवलं म्हणून त्याला जमलं? यावर ओपोकूने विश्वास ठेवला नसता. मी मुद्दाम हळू केलं? यावर त्याने नक्की ठेवला असता.

अँटवी ओशाळून तिच्या कानाशी लागला. "ताई, ती मघाची कळ कुठली होती गं?"

सवयीने तिचं बोट कळीकडे गेलं.

"आणि हे बघ," ओपोकू मागून मायेने म्हणाला, "रविवारी लवकर जाऊन पुढची जागा धर. पोरीचं गाणं चुकवू नकोस."