‘होते’चे ‘होतो’

“‘होते’ नव्हे, ‘होतो’,” रुपचंद म्हणाला. “अर्ज माझा आहे.”

इंदिराचा टाक थांबला. मांडीवर बेबी होती, म्हणून कागद पाटावर ठेवून ती वाकून लिहीत होती. ‘सावदे येथे तीन वर्षे खासगी वर्ग चालवीत होते.’ खरवडायची गरज पडली नाही. मात्रा होतीच, खाली एक काना ओढला की झालं.

स्कूल बोर्डाला मास्तर हवे होते, आणि शिकवण्याचा अनुभव असेल त्याला आधी बोलावणार होते. रुपचंद सातवीची फायनल परीक्षा पास होता, पण आजवर त्यानं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कापूसच तोलला होता. यंदा त्या काट्यावर दुसराच माणूस बसला. अनुभव होता तो इंदिराला, माहेरचा. अक्षरही तिचंच चांगलं. अर्ज आज कचेरी बंद व्हायच्या आत पोचायला हवा होता.

“हे खोटं नाही का होणार?” तिनं विचारलं.

“खोटं कसं? वर्ग झालाच ना? आपल्या घरातल्याच माणसानं घेतला ना?”

“तेव्हा घर दुसरं होतं,” इंदिरा म्हणाली.

दारात तूर पाखडत बसलेल्या भिकुबाईंनी सूप थांबवलं. “सून लिखस नि पोऱ्या सांगस. पगार कोनले भेटी व माय?”

“तुलेच भेटी, आई,” रुपचंद हसून म्हणाला, आणि इंदिराजवळ सरकून बसला. “हं, पुढं? काय काय करायचीस तिथं? सांग ना.”

लग्नाला चार वर्षं होत आली होती. हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानंच काय, या घरात कुणीच नाही. तिनं टाक दौतीत उभा केला.

“केळीच्या वखारीचा ओटा होता आमचा. फळा नव्हता, मग भिंतीवरच कोळशानं लिहायची. मुली सगळ्या मळ्यातल्या. ‘शाया’ म्हणायच्या, ‘शाळा’ काही येईना. तोंडात ‘ळ’च नाही कुणाच्या! मग मी काय केलं, रोज एक पिकलं केळं पुढं ठेवायची. जी ‘केळं’ म्हणेल, केळं तिचं. एक ताई म्हणून होती, बारकुशी. कडेवर भाऊ घेऊन यायची. ती मेली आठ दिवस ‘केयं, केयं’च करत राहिली. आणि एक दिवस तिच्या आधी तो कडेवरचा भाऊच म्हणाला...”

“केळं!” रुपचंद म्हणाला आणि मोठ्यानं हसला. इंदिराही हसली. इतकी, की बेबी दचकून तिच्या तोंडाकडे बघायला लागली.

“मग केळं कुणाला दिलं?”

“दोघांत अर्धं अर्धं. ताई रडली, म्हणाली, माझं मला येईल तेव्हाच खाईन. आणि...”

“बरं, बरं.” त्यानं उन्हाकडे पाहिलं. “बोर्डाला केळी नकोत. लिही: ‘मुलांच्या उच्चारशुद्धीकडे विशेष लक्ष पुरविले.’ मुलांच्या हं. मुली नको.”

तिनं टाक उचलला. मुलांच्या, असं लिहिलं.

“‘वाचन, लेखन व अंकगणित हे विषय स्वतः शिकविले.’”

‘शिकविले’ला काहीच करावं लागलं नाही. तो शब्द बाईच्या तोंडीही तसाच, पुरुषाच्या तोंडीही तसाच. तो तिनं जरा सावकाश लिहिला.

“आता एवढंच राहिलं,” रुपचंद म्हणाला. “वर्ग सोडला का, ते लिहावं लागेल. नाहीतर तेच पहिलं विचारतील.” तो तिच्याकडे वळला. “का सोडला होतास गं?”

इंदिरानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

“लग्न झालं,” ती म्हणाली.

“हात्तिच्या! पुरुष माणूस लग्न झालं म्हणून वर्ग सोडतो का?” तो पुन्हा हसला. या वेळी एकटाच. मग त्यानं हनुवटी खाजवली. “आजारपण घाल. आजारपणाला कुणी नाही म्हणत नाही. ‘प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे वर्ग बंद करणे भाग पडले.’”

तिनं लिहिलं.

“आणि आता बरा आहे, तेही घाल. आजारी माणूस कोण घेईल?”

‘सध्या प्रकृती उत्तम आहे,’ तिनं लिहिलं.

रुपचंद उठला, खुंटीवरचा कोट काढून अंगात घालू लागला. “वाळलं का? घडी घालायचीय.”

शाई अजून ओली होती. टीपकागद घरात नव्हता. इंदिरानं कागद दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या ओळींवर हळूहळू फुंकर घालू लागली.

बेबी बघत होती. आधी आईच्या तोंडाकडे, मग कागदाकडे. तिनंही ओठांचा चंबू केला आणि जमेल तसं फुंकलं.

“बाऊ?” तिनं विचारलं.

इंदिरानं कागद जरा दूर धरला आणि तिच्या कानाशी वाकली.

“एवढासा,” ती म्हणाली.