परातीतला चुरा

अंगणात धाकट्या मुलाचं बिऱ्हाड टेम्पोत चढत होतं. शिदोरीचे लाडू वळता वळता अनसूयाबाईंनी नातीला थाप मारली, "लहानपणी विहिरीत पडलेला चंद्र मीच पोहऱ्यानं काढला!"

"गप गं आजी!" नातीनं लाडू परातीत मांडले. "हे ग्रह, सूर्याभोवती फिरतात. हा चिमुकला चंद्र, ग्रहाभोवती. धूमकेतू लांबून येतो, परत जातो."

"तुझा थोरला काका! दिवाळीपुरता उगवतो. आणि मी?"

"सगळ्यात मोठा ग्रह. गुरू!"

बाई खुलल्या. "अन् हा चुरा?"

"लघुग्रह. त्यांचाही ग्रह झाला असता. पण गुरूनं ओढाओढ करून एकत्र येऊच दिलं नाही."

बाईंचा हात थांबला. तिन्ही लेकांच्या संसारात त्यांनीही अशीच ओढाओढ केली होती.

हॉर्न वाजला. नात पळाली.

बाईंनी चुरा मुठीत दाबला, पुन्हा दाबला. लाडू काही वळला नाही.