रबरी तळव्याचा ठसा

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातलं तिसरं प्रेतही गस्तीवरच्या शिपाई टटललाच सापडलं. शेजारी रक्तात बुटाचा ठसा होता. इन्स्पेक्टर गार्साइडसाहेबांनी तो भिंगातून बराच वेळ पाहिला.

"तळव्याला रबराची पट्टी ठोकलीय. म्हणजे गडी पावलांचा आवाज न करता येतो. तिन्ही प्रेतांपाशी हाच ठसा. खुनी हाच!"

टटलने आपल्याच बुटांकडे पाहिलं. खुन्याला चाहूल लागू नये म्हणून सगळ्या शिपायांसारखी त्यानेही बुटांना पट्टी ठोकली होती.

"साहेब, ठसा माझा आहे. वाकून बघताना पाय पडला."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही प्रेतं मलाच सापडली ना!"

"तुलाच बरी सापडतात रे!" साहेबांनी त्याचे बूट जप्त केले आणि त्याला कोठडीत टाकलं. टटलला डोळ्यांपुढे फास दिसू लागला.

दोन दिवसांनी त्याच भागात चौथा खून पडला. हायसं वाटून टटलला रडूच फुटलं.

"सुटलो, साहेब! मी तर इथेच होतो. तिथे माझा ठसा सापडला का?"

"नाही ना," साहेब समाधानाने म्हणाले. "बूट आमच्याकडे असताना ठसा उमटेल कसा? सगळं जुळतंय."