अनोळखीचा सण

या, पुढं सरकून बसा. मागं बसलं की नुसते टाळ ऐकू येतात, गोष्ट हातची जाते. आज पूर्वरंग ठेवला नाही, थेट आख्यानच.

नेरच्या एका अंगणात क्षितिज बॅग घेऊन उभा होता. दार उघडंच होतं. दारात त्याची आई, विमलताई. कपाळाला बुक्का, नाकावर घसरलेला चष्मा.

"कोण आपण?" तिनं विचारलं.

 एवढ्या लांबून आलेल्या पोराला आईनं असं विचारावं? तसं प्रवासातलं त्यालाही फारसं आठवत नव्हतं. बसमध्ये डोळा लागला असावा. पण आईच्या चेहऱ्यावर ओळखीची एकही रेघ नव्हती. वय झालं तिचं, त्याच्या मनात आलं. विसरली आपल्याला.

मग तिनं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि त्याला एकदम चौथीचा वर्ग आठवला.

चौथीला आईच शिकवायची. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं, असा तिचा दंडक. सणांचे निबंध पोरं गाईडातून उतरवतात, म्हणून त्या वर्षी तिनं प्रकल्प दिला होता : कुठंच नसलेला सण शोधून आणा. देवीलालनं बकरीचा पोळा आणला. "बैलानं काय जास्तीचं केलं, बाई? दूध तं बकरीच देते," असं म्हणून त्यानं अख्खा वर्ग हसवला.

क्षितिजनं आणला अनोळखीचा सण. तो त्याला मारुतीच्या देवळात सुचला होता. कीर्तन संपलं की कोण कुठला हे न विचारता माणसं एकमेकांच्या पाया पडायची. आईसुद्धा. एकदा तर ती पायरीवर झिंगून बसलेल्या माणसाच्या पाया पडली आणि तो बिचारा घाबरून उभाच राहिला.

म्हणून सण असा : त्या दिवशी घरच्यांनीच एकमेकांना दारात अनोळखी म्हणून भेटायचं. नावगाव विचारायचं, गूळपाणी द्यायचं, जेवू घालायचं. नातं तोंडातून काढायचं नाही. ज्याच्या तोंडून आधी निघेल तो हरला, आणि हरणाऱ्यानं दुसऱ्याला पोटाशी धरायचं.

"यात देव कोणता?" बाईंनी वर्गात विचारलं होतं.

"दारात आला तो," पोरगं म्हणालं. त्यावर बाई फळा पुसायला वळल्या आणि पुसलेलाच फळा पुसत राहिल्या.

म्हणजे आई आता सण खेळत होती? की खरंच विसरली होती? खेळून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

"मी क्षितिज," तो म्हणाला.

"गाव?"

"नेरच."

"नेरचे, अन् बॅग घेऊन हिंडता?" ती म्हणाली. "बसा. बॅग कोणी नेत नाही."

बोलणं थट्टेचं होतं, पण डोळ्यांत थट्टा नव्हती. पोरगं पाढ्यात कुठं अडतं हे पाहावं, तशी ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. क्षितिजचा धीर सुटत चालला. खेळणारा माणूस अधूनमधून हसतो तरी.

तिनं चहा दिला. आलं ठेचून, अगदी त्याच्या आवडीचा. त्याला उगाच आशा वाटली. कानाच्या वर खाज सुटली म्हणून त्यानं हात नेला.

"खाजवू नका तिथं," ती पटकन म्हणाली.

मग ती भाकरी थापायला बसली. थापता थापता तिनं विचारलं, "तुमच्या आईचं नाव?" हात मात्र परातीत थांबला होता.

नातं कबूल करायचं नव्हतं, म्हणून क्षितिज नाव टाळून बोलला. "शिक्षिका होत्या. लई कडक. पोराले वर्गात आई म्हणू देत नव्हत्या."

"काहून?"

"बाकीच्या लेकरांच्या आया वर्गात नसत ना."

"चुकलंच थोडं त्यांचं," ती परातीकडे बघत म्हणाली. "एखाद्या वेळेस म्हणू द्यायला पाहिजे होतं."

शेजारच्या हंसाबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं. "आले का पाहुणे?"

"आले. चहा झाला, आता जेवतात."

पाहुणे. हा शब्द क्षितिजला लागला. ताट वाढलं गेलं, तुरीचं वरण, भाकर, वर तुपाची धार. पहिला घास त्यानं उचलला आणि तसाच खाली ठेवला. सण गेला चुलीत. हरलो तर हरलो. आईनं एकदा नावानं हाक मारावी, त्याला दुसरं काही नको होतं.

"आई," तो म्हणाला, "मी आहे ना. तुझा क्षितू. ओळख ना मले."

भाकर तव्यावर करपू लागली. पोटाशी धरायचं काम हरणाऱ्याचं होतं, पण आईच पुढं आली आणि पिठाच्या हातांनी तिनं त्याला कवटाळलं.

"क्षितू," ती म्हणाली. "माह्या क्षितू."

ओळखलं तिनं. क्षितिजचा जीव भांड्यात पडला. करपलेली भाकरसुद्धा त्यानं मागून घेतली. पोटभर जेवून तो आतल्या खोलीत गेला. अंथरूण घातलेलंच होतं. पडल्या पडल्या त्याला झोप लागली.

विमलताई ताट घेऊन मोरीपाशी आल्या. भिंतीपलीकडून हंसाबाईंनी रोजच्यासारखं हळूच विचारलं, "आज ओळखलं का त्यानं?"

विमलताईंनी ताट मोरीत ठेवलं. पिठाचे हात पदराला पुसत त्या भिंतीपाशी गेल्या.

"डोक्याला मार लागला, दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हापासून रोज परक्यासारखा बॅग घेऊन दारात उभा राहतो. आज पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, "मले आई म्हणाला."

आता टाळ खाली ठेवाल, शेजारच्याच्या पाया पडाल, तेव्हा मनात विमलताईंची आठवण असू द्या.